खेड्यात राहून नगरपंचायतीच्या हद्दीत खाद्यपदार्थांचा ठेला लावणाऱ्याने परवाना कोणाकडे मागावा?

बेंबळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे कुटुंब यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. थोरला भाऊ आणि वहिनी काही वर्षांपासून हातठेल्यावर आलुबोंडे आणि मुंगवडे विकतात, आणि सकाळच्या वेळी तर्री-पोहे. तालुक्याचे ठिकाण गावापासून जवळ असल्याने आठवड्यातील बहुतेक दिवस त्यांचा ठेला तेथील तहसील कार्यालयाच्या रस्त्यावर असतो. सातबारा, दाखले आणि मुद्रांक यांच्या कामासाठी खेड्यापाड्यांतून आलेली माणसे हेच त्यांचे गिऱ्हाईक. आजूबाजूच्या गावांचे आठवडी बाजार असतात त्या दिवशी मात्र सगळे सामान मालवाहू ऑटोत टाकून ते बाजारात बसतात. तालुक्याच्या ठिकाणी पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे.

नगरपंचायतीचा माणूस रोज पावती फाडतो आणि भाऊ रोज पैसे देतो. भावाने रीतसर परवाना मागितला तेव्हा, "तुम्ही आमच्या हद्दीतील रहिवासी नाही, तुमच्या ग्रामपंचायतीकडून घ्या," असे त्याला सांगण्यात आले. आमच्या ग्रामसेवकांचे म्हणणे असे की, ग्रामपंचायत असा परवाना देतच नाही. दोन्ही उत्तरे तोंडी मिळाली, कागदावर काहीच नाही.

त्यानंतर एका सकाळी अतिक्रमण हटवण्याचे पथक आले. कढईत तळण चालू असताना शेगडी बंद करायला लावली, तापलेले तेल नालीत ओतायला लावले आणि ठेला, शेगडी, सिलिंडर, कढई असे सगळे ट्रॉलीत टाकून नेले. वाटलेली मुगाची डाळ आणि उकडलेले बटाटे त्याच दिवशी वाया गेले. काय नेले याची यादी दिली नाही. दंड भरल्यावर ठेला परत मिळाला, पण शेगडी आणि सिलिंडर अजून मिळालेले नाहीत.

मला विचारायचे आहे ते असे की, अशा विक्रेत्याला परवाना देणे नेमके कोणाचे काम आहे, रोजच्या पावतीला परवान्याची किंमत आहे का, आणि अन्न सुरक्षेची नोंदणी केली तर पथकाला ती दाखवून ठेला वाचवता येतो का. सेतू केंद्रावरील एकाने भावाला शॉप ॲक्ट आणि उद्यम नोंदणी करून दिली आहे आणि आता काही अडचण येणार नाही असे सांगितले आहे. त्यावर किती विसंबावे हेही कळत नाही.

बाजार_विभाग_निवृत्त

भाऊ, माझी सगळी नोकरी नगरपरिषदेच्या कर आणि बाजार विभागात झाली, त्यामुळे कायदा आणि कार्यालयातील वहिवाट या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन लिहितो.

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014. तो 1 मे 2014 पासून लागू आहे आणि आपल्या राज्याचे नियम 2016 मध्ये झाले. या कायद्यात स्थानिक प्राधिकरण म्हणून महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत आणि कटक मंडळ यांचा समावेश आहे, ग्रामपंचायतीचा नाही. म्हणजे आपले ग्रामसेवक बरोबर बोलले. ज्या कार्यालयाला विक्री प्रमाणपत्र, म्हणजे आपण म्हणता तो परवाना, देण्याचा अधिकारच नाही तिकडे बोट दाखवून नगरपंचायतीने आपल्या भावाला परत पाठवले आहे. ठेला ज्या रस्त्यावर उभा राहतो तो रस्ता ज्यांच्या हद्दीत आहे, अर्ज त्यांच्याकडेच करायचा.

रहिवासाच्या मुद्द्याबद्दल कलम 5 वाचावे. प्रमाणपत्रापूर्वी विक्रेत्याने तीन गोष्टींची हमी द्यायची असते: विक्री तो स्वतः किंवा कुटुंबातील व्यक्तीमार्फत करील, त्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही, आणि प्रमाणपत्र तो कोणालाही हस्तांतरित करणार नाही किंवा भाड्याने देणार नाही. विक्रेत्याचे घर त्याच गावाच्या हद्दीत असले पाहिजे, अशी अट त्यात नाही. आपल्याकडे अधिवासाचा दाखला मागतात, परंतु तो महाराष्ट्राच्या अधिवासाचा असतो. यवतमाळ जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला तो मिळण्यात अडचण येऊ नये.

आता पावती. रोजची पावती म्हणजे जागा वापरल्याची फी, तिने परवाना मिळत नाही. कार्यालयात आम्हीही हेच सांगत असू आणि ते चूक नव्हते. परंतु त्याच जागेवर, त्याच व्यवसायासाठी, त्याच कार्यालयाने वर्षानुवर्षे पैसे घेतले, याचा तो लेखी पुरावा आहे आणि सर्वेक्षणाच्या वेळी असा पुरावा फार उपयोगी पडतो. या पावत्यांचा कागद हलका असतो, तेलाचे बोट लागले की शाई उडते, म्हणून तारीख आणि पावती क्रमांक स्पष्ट दिसेल असे त्यांचे फोटो काढून ठेवावेत आणि मूळ पावत्या महिन्यावार लावून घरी ठेवाव्यात, ठेल्यावर ठेवू नयेत.

कलम 3 प्रमाणे नगर पथविक्रेता समितीने दर पाच वर्षांनी किमान एकदा हद्दीतील सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे असते. ते पूर्ण होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता किंवा स्थलांतरित करता येत नाही, असे त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात म्हटले आहे. हटवायचेच असेल तर कलम 18 प्रमाणे तीस दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर कलम 19 प्रमाणे जागेवरच यादी करून तिची सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. विक्रेत्याने मागणी केल्यावर टिकाऊ वस्तू दोन कामकाजाच्या दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. आपल्या भावाच्या बाबतीत यादीच झाली नाही, त्यामुळे शेगडी मागायला गेल्यावर कोणती शेगडी हा प्रश्न येणारच. ठेल्याचा दंड भरल्याची पावती असेल तर तीच जप्तीचा पुरावा ठरेल, ती जपून ठेवावी.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बऱ्याच लहान नगरपंचायतींमध्ये कर्मचारी मोजके असतात आणि ही समिती कागदावरच राहते, किंवा तेवढीही नसते. समितीचे अध्यक्ष मुख्याधिकारी असतात आणि सदस्यांपैकी किमान 40 टक्के पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असावे लागतात, त्यातही एक तृतीयांश महिला. आपल्या तालुक्यात हे झाले आहे का, याची माहिती अधिकारात मागणी करावी: समिती स्थापन केल्याचा आदेश, सर्वेक्षणाची यादी आणि विक्रीक्षेत्रे ठरवल्याचा ठराव, या तिन्हींच्या प्रती. दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. उत्तर काहीही आले तरी ते आपल्या उपयोगाचेच असेल, कारण समितीच झाली नसेल तर सर्वेक्षण झालेले नाही आणि सर्वेक्षण झालेले नसेल तर हटवण्याला आधार राहत नाही.

कारंज्याकडची

बेंबळाकाठ दादा, मी स्वतः वाशीम जिल्ह्यात ठेला चालवते आणि अन्नाच्या नोंदणीचे काम मी एकटीने पूर्ण केले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

शॉप ॲक्ट आणि उद्यम या दोन्ही कागदांनी रस्त्यावर उभे राहण्याची परवानगी मिळत नाही. बँकेत खाते उघडायला किंवा कर्जाला ते कामी येतात. सेतूवाले ते लवकर निघतात म्हणून काढून देतात आणि आपली माणसे त्यांची लॅमिनेशन केलेली प्रत ठेल्याला लटकवून निर्धास्त होतात. पथकापुढे त्यांचा काही उपयोग होत नाही, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र केलीच पाहिजे आणि ती सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे आणि नोंदणीचे विनियम 2011 चे. त्या विनियमांनी वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असलेल्या फेरीवाल्याला लहान अन्न व्यावसायिक धरले आणि त्याला मोठा परवाना न लावता फक्त नोंदणी ठेवली. फॉस्कॉस नावाच्या संकेतस्थळावर अर्ज होतो, फोटो आणि ओळखपत्र लागते, आणि शुल्क ठरले ते वर्षाला शंभर रुपये. अर्ज करताना व्यवसायाच्या प्रकारात फिरता विक्रेता हा पर्याय निवडावा. सेतूवाल्याने दुकान किंवा उपाहारगृह निवडले तर जागेचा भाडेकरार मागितला जातो आणि अर्ज अडकून पडतो. याच कामाचे शुल्काच्या कितीतरी पट पैसे मागितले जातात, म्हणून घरातील शिकलेल्या मुलाने मोबाइलवर स्वतःच अर्ज भरावा.

या नोंदणीने जागेचा हक्क मिळत नाही. मात्र आठवडी बाजारातही नोंदणीचा कागद लागू असतो, कारण अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी संपूर्ण जिल्ह्यात तपासणी करू शकतात, मग हद्द ग्रामपंचायतीची असो की नगरपंचायतीची. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असे लावावे.

वहिनींना माझ्याकडून दोन गोष्टी सांगाव्यात. तळलेला पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदावर देऊ नये. 2018 च्या वेष्टन विनियमांनी त्याला मनाई केली आहे आणि त्याचे कारण खरे आहे, गरम बोंड्याखाली कागदाची शाई उतरलेली आपल्याला डोळ्यांनी दिसते. मी पळसाच्या पत्रावळीचे द्रोण वापरते, आमच्या भागात ते सहज मिळतात आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिक प्लेटवर 2022 पासून असलेल्या बंदीची अडचणही येत नाही. दुसरी गोष्ट तेलाची. रात्री उरलेले तेल सकाळी पुन्हा कढईत, मग त्यावर नवे तेल, असे करत राहिले की तेल घट्ट होते, फेस धरते आणि वास येतो. तपासणीत तेलातील ध्रुवीय घटक 25 टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल खाण्यास अयोग्य ठरते, आणि यंत्र नसले तरी फेस आणि रंग यांवरून तळणाऱ्या बाईला ते आधीच कळते. तेवढे तेल टाकायला जीव तुटतो हे मला माहीत आहे. म्हणून मी कढईच लहान केली. एका वेळी आठ-दहा बोंडे निघतात, पण तेल कमी लागते आणि दुपारपर्यंत संपून जाते.

पिण्याच्या पाण्याचा जार झाकणाचा आणि तोटीचा असावा, मग कोणी त्यात पेला बुडवत नाही. कांदा आणि सांबार (कोथिंबीर) चिरून उघडे ठेवू नये, तहसीलच्या रस्त्यावर धूळ फार उडते.

चौकातला_रहिवासी

मी काही काळ नगरसेवक होतो आणि माझे घर बसस्थानकाच्या चौकात आहे. वरील माहिती योग्य आहे, तरी ती वाचून प्रत्येक विक्रेत्याने आपल्याला कोणी हात लावू शकत नाही असा अर्थ काढू नये, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये सोदान सिंग यांच्या प्रकरणात रस्त्यावर व्यापार करणे हा मूलभूत हक्काचा भाग मानला, परंतु एखादी ठरावीक जागा धरून बसण्याचा हक्क मानला नाही. 2014 च्या कायद्यातही विक्रीक्षेत्र, निर्बंधित क्षेत्र आणि ना-विक्री क्षेत्र ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे. आमच्या चौकात ग्रामीण रुग्णालयाकडे जाणारा रस्ता इतका अरुंद होतो की बाजाराच्या दिवशी रुग्णवाहिकेला बैलगाड्या, ऑटो आणि ठेले यांच्यामधून वाट काढावी लागते. त्या रस्त्यावर ठेले नकोत असे म्हणणारा माणूस गरिबांचा वैरी नसतो. शिवाय जिथे राष्ट्रीय महामार्ग गावातून जातो तिथे महामार्गाची जमीन नगरपंचायतीच्या हाती नाही, तिला 2002 चा महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायदा लागू आहे. फाट्यावर ठेला लावणाऱ्याला नगरपंचायतीने प्रमाणपत्र दिले तरी तिथे त्याचा निभाव लागणार नाही. बसस्थानकाच्या आवारातील विक्रीची परवानगीही एसटी महामंडळ देते.

तरीसुद्धा आपल्या भावाच्या बाबतीत जे घडले त्याचे समर्थन मी करणार नाही. उकळते तेल नालीत ओतायला लावणे हे धोक्याचेही आहे आणि अपमानाचेही. सभागृहात असताना मी हाच मुद्दा मांडत असे की आधी जागा ठरवा, मग हटवा. मोहीम निघते ती एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याच्या दौऱ्याच्या किंवा सणाच्या आधी, आठ दिवसांनी सगळे जिथल्या तिथे येतात आणि मधल्या काळात नुकसान होते ते फक्त विक्रेत्याचे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत एक वाक्य आहे ते आपण अर्जात वापरावे: सर्वेक्षणात आढळलेला अस्तित्वातील किंवा नैसर्गिक बाजार ना-विक्री क्षेत्र म्हणून घोषित करता येत नाही. जिथे विकणारे आणि घेणारे वहिवाटीने जमतात तो नैसर्गिक बाजार. तहसीलच्या रस्त्यावर खेड्यांतील माणसे तर कार्यालय झाल्यापासून जमत आहेत. रस्ता अरुंद असेल तर सकाळी एका बाजूने आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूने अशी वेळ वाटून देण्याची सोयही करता येते, आणि विक्रेत्यांनीच ती सुचवली तर नगरसेवकांनाही ती मान्य करणे सोपे जाते.

बेंबळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त काकांच्या उत्तरातील एका मुद्द्यावर अडलो आहे. उपजीविकेचे दुसरे साधन नाही, अशी हमी द्यावी लागते असे आपण लिहिले. आमच्या वडिलांच्या नावावर थोडे कोरडवाहू वावर आहे, त्यात कापूस आणि तूर घेतो. गेल्या काही हंगामांत बोंडअळी आणि अवकाळी पाऊस यांमुळे बी-बियाण्यांचा खर्चही धड निघाला नाही, आणि त्या काळात घर चालले ते ठेल्यावरच. सातबारा पाहून अर्ज नाकारतील का? आणि घरचा लाल सिलिंडर ठेल्यावर होता, त्याचे काय करावे?

बाजार_विभाग_निवृत्त

भाऊ, वावराची गोष्ट लपवू नये. आज लपवली आणि उद्या कोणी तक्रार केली तर खोटी माहिती दिली म्हणून कलम 10 खाली प्रमाणपत्रच रद्द होऊ शकते. जमीन वडिलांच्या नावे आहे, भाऊ खातेदार नाही, कुटुंबात एवढी माणसे आहेत आणि या कोरडवाहू जमिनीवर त्यांचा उदरनिर्वाह होत नाही, असे सरळ शब्दांत अर्जात लिहावे. हमीपत्र भाऊ स्वतःबद्दल देणार आहे, वडिलांबद्दल नाही. आपल्या भागात ठेला लावणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी थोडेफार वावर असतेच. समितीने त्या कारणाने सर्वांना बाहेर ठेवले तर तालुक्यात पथविक्रेता म्हणून कोणी उरणारच नाही, आणि हा मुद्दा समितीवर निवडून आलेल्या विक्रेत्या प्रतिनिधींनी उचलून धरला पाहिजे.

सिलिंडरबाबत आपली बाजू लंगडी आहे. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे हे 2000 च्या एलपीजी नियंत्रण आदेशाचे उल्लंघन आहे आणि पथकाने तो पुरवठा विभागाकडे दिला असण्याची शक्यता आहे. तो परत मागताना त्या चौकशीला तोंड द्यावे लागेल. यापुढे 19 किलोचा व्यावसायिक किंवा पाच किलोचा लहान सिलिंडर घ्यावा. पाच किलोच्या सिलिंडरला नुसते ओळखपत्र पुरते आणि आठवडी बाजारात न्यायलाही तो सोयीचा पडतो.

आठवडी बाजाराबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. ग्रामपंचायत अधिनियमाखाली बाजाराची फी घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे आणि बहुतेक ठिकाणी ती वसुली लिलावाने ठेकेदाराकडे दिलेली असते. तिथे विक्री प्रमाणपत्राचा प्रश्न येत नाही. ठेकेदाराने ठरलेल्या दरानेच पैसे घ्यावेत आणि पावती द्यावी, एवढा आग्रह धरावा. दराचा तक्ता ग्रामपंचायतीत पाहायला मिळाला पाहिजे.

अर्ज मुख्याधिकारी तथा अध्यक्ष, नगर पथविक्रेता समिती, यांच्या नावे करावा. त्यात विक्रीची जागा खुणेसह, विक्रीची वेळ, विकायचे पदार्थ आणि किती वर्षांपासून विक्री चालू आहे, हे लिहावे. कायद्यात स्थिर विक्रेता आणि फिरता विक्रेता असे वेगळे प्रवर्ग आहेत, त्याचा विचार भावाने आधीच करावा. फिरत्याचे प्रमाणपत्र लवकर मिळेल या आशेने काही जण तोच प्रवर्ग लिहितात आणि नंतर दिवसभर एका जागी उभे राहिले म्हणून अटींचा भंग केल्याची नोटीस घेतात. भाऊ रोज तहसीलच्याच रस्त्यावर उभा राहत असेल तर स्थिर विक्रेता म्हणूनच अर्ज करावा. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळातही समितीला प्रमाणपत्र देता येते, त्यामुळे पुढच्या सर्वेक्षणाची वाट पाहा असे उत्तर मिळाल्यास कलम 4 चा उल्लेख करावा.

त्याच अर्जासोबत पीएम स्वनिधी योजनेच्या शिफारसपत्राची मागणीही स्वतंत्र कागदावर करून ठेवावी. जून 2020 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत लगतच्या ग्रामीण भागातून येऊन शहराच्या हद्दीत विक्री करणाऱ्यांनाही नगरपंचायतीच्या शिफारसपत्रावर कर्ज मिळण्याची तरतूद आहे, आणि आता योजनेची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढली असून पहिला हप्ता 15 हजार रुपयांचा झाला आहे. हद्दीबाहेरचे म्हणून आपल्याला परत पाठवणाऱ्या टेबलावर या तरतुदीचा कागद ठेवला तर बोलणे लवकर आटोपेल.

जप्त शेगडी आणि कढई यांची मागणी मात्र या अर्जात मिसळू नये. तिच्यासाठी कलम 19 चा उल्लेख करून वेगळा अर्ज द्यावा, सोबत दंडाच्या पावतीची प्रत जोडावी, आणि दोन्ही अर्जांच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. एका कागदात दोन मागण्या असल्या की बाजार विभाग तो अतिक्रमण विभागाकडे पाठवतो, अतिक्रमण विभाग तो परत पाठवतो आणि महिनाभराने तो कोणत्याच नस्तीत सापडत नाही.